मोंतोनेची चढण

मागच्या वर्षी आंतर-सदन हिंदी वक्तृत्व स्पर्धेत मी नाईक यशवंत घाडगे यांच्यावर बोललो आणि पहिला आलो. हातबॉम्ब फेकण्याचा हावभाव, शेवटी मराठा रेजिमेंटची युद्धघोषणा, सभागृहात टाळ्याच टाळ्या. त्यामुळे हिवाळी सुट्टीत इटलीला आत्याकडे जायचं ठरलं, तेव्हा मी तिच्याकडे एकच हट्ट धरला: मला मोंतोनेला घेऊन चल.

मोंतोने हे पेरुजियाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या खोऱ्यावर टेकडीच्या माथ्यावर वसलेलं जुनं तटबंदीचं गाव. गाडी खाली लावून आम्ही चढायला लागलो. अरुंद दगडी गल्ल्या, थंडीमुळे बंद केलेल्या खिडक्या, धुराड्यांतून येणारा जळत्या लाकडाचा वास. वाटेत एक आजोबा सरपण घेऊन चालले होते. त्यांनी मान हलवून नमस्कार केला, तेवढंच. दवाने दगड निसरडे झाले होते. क्रॉस-कंट्रीत पहिल्या पाचांत येणारा मी, पाठीवर काही ओझं नसताना धापा टाकत होतो. आत्या हसली.

गावात 2023 साली घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याचं बोधवाक्य आहे. त्या दिवशी मात्र धुकं होतं. ऊन नाही, त्यामुळे सावली नाही आणि घड्याळात वेळही नाही. मी सावधानमध्ये उभं राहून सॅल्यूट केला. मग तटाजवळून खालच्या टेकड्यांकडे बघत आत्याला सगळा प्रसंग सांगितला.

10 जुलै 1944. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन टायबरच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले. एकटे घाडगे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती गन बंद पाडली, एकाला टॉमी गनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच त्यांना वीरमरण आलं. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आत्या शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "त्या बाकीच्यांची नावं काय रे?"

मला एकही नाव सांगता आलं नाही. भाषण मला आजही तोंडपाठ आहे. पण त्यात ते सगळे जण मिळून एकच वाक्य होते आणि तेही मी घाईने उरकलं होतं, कारण टाळ्यांची जागा पुढे होती. सेक्शन म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. एकत्र जेवणारी, एकमेकांना हाक मारणारी आठ-दहा माणसं. आमच्या डॉर्मिटरीतल्या एका रांगेत तेवढीच मुलं झोपतात. त्यांची नावं मी झोपेतही सांगेन. घाडगे धावले, तेव्हा त्यांच्या मागे अशी माणसं पडलेली होती.

इटलीच्या मोहिमेत 5,782 भारतीय सैनिक कामी आले. घाडगे यांचं माणगावात स्मारक आहे, पण त्यांची कबर कुठेही नाही. कसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. ज्यांच्या कबरी माहीत नाहीत, अशा हजारो सैनिकांच्या नावांमधलं ते एक. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्याचं नावही तिथे इतरांच्या ओळीतच आहे, हे मला आधी खटकलं होतं. मोंतोनेहून उतरताना खटकेनासं झालं.

या वर्षी आमच्या सदनातल्या सातवीतल्या एका मुलाला मी तेच भाषण शिकवतोय. "सेक्शनमधले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले," या वाक्यापाशी त्याने आवाज खाली आणायचा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं, असं मी त्याला सांगितलंय.

"सर, इतका वेळ थांबलो तर मी विसरलो असं परीक्षकांना वाटेल," तो म्हणाला.

"वाटू दे," मी म्हणालो. "पण तू थांब."