आखाड्यावरचा कारवानी

हिंगोली जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सेनगाव तालुक्याला एका अंगाने कयाधूचे आणि दुसऱ्या अंगाने पूर्णेचे पाणी लाभले असले, तरी या दोन नद्यांच्या मधला बराचसा भाग माळाचा आणि लांबवर नजर पोचेल असा मोकळा आहे. सखल काळ्या रानात सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद उभी राहते, चढावर मुरमाड पडीक पसरलेले असते, आणि कडेकडेने बंजाऱ्यांचे तांडे वसलेले असतात. इथल्या शेतकऱ्याचा संसार दोन जागी चालतो. एक गावातले घर आणि दुसरा शेतातला आखाडा, म्हणजे जनावरे, अवजारे, चारा आणि राखणीचा माणूस जिथे राहतो तो रानातला गोठा. कुत्र्याचे खरे बिऱ्हाड बहुधा याच आखाड्यावर असते. अशा मुलखात जातिवंत कुत्र्याचा विचार करायचा, तर शहरातल्या प्रदर्शनातल्या कुत्र्यांपेक्षा मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या गेलेल्या कारवानीपासून सुरुवात करणे अधिक योग्य ठरते.

कारवानी म्हणजे उंच पायांचा, खोल छातीचा, पोट पाठीला टेकल्यासारखे आत गेलेला आणि लांब निमुळत्या तोंडाचा शिकारी कुत्रा. त्याच्याच कुळातील, पण कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागच्या बाजूला रेशमी केसांच्या झालरी असलेल्या कुत्र्याला पश्मी म्हणतात, आणि लातूरकडच्या गावांत त्याचा मान मोठा आहे. इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियाकडून येणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, या कुत्र्यांचे पूर्वज दख्खनमध्ये आले असावेत असे मानले जाते, आणि त्या बाजूच्या सालुकी व ताझी या कुत्र्यांशी असलेले त्यांचे साम्य पाहता हे मानणे वावगे वाटत नाही. कृष्णेच्या खोऱ्यात मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्याची निगुतीने पैदास केली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला एक जोडी भेट दिली, तेव्हापासून त्याला मुधोळ हाउंड हे नाव चिकटले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत तो झळकला, २०१६ साली लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात त्याच्या प्रशिक्षणाला सुरुवात झाली, आणि २०२० साली राष्ट्रीय पातळीवर अधिकृत नोंद मिळालेल्या पहिल्या तीन कुत्र्यांच्या जातींत तो होता. सेनगावच्या आखाड्यावर बाजेखाली पडून असलेल्या कुत्र्याला या मानमरातबाचे काही नसते, आणि त्याच्या धन्यालाही क्वचितच त्याची वार्ता असते. पण दोघांमध्ये जे रोज घडते ते समजून घ्यायला या इतिहासातली एक गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे हा कुत्रा कोणत्या कामासाठी घडवला गेला.

ते काम होते उघड्या माळावर सावज दुरून हेरून, त्याच्यामागे धावून, ते गाठण्याचे. बहुतेक शिकारी कुत्रे नाकाने माग काढतात. कारवानी आणि त्याचे भाईबंद मात्र डोळ्यांनी शिकार करतात. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत, आतल्या पडद्यावर, दृष्टीच्या पेशी एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, त्यामुळे क्षितिजाच्या रेषेवर होणारी लहानशी हालचालही त्यांना चटकन टिपता येते. आखूड तोंडाच्या कुत्र्यांत त्याच पेशी पडद्याच्या मध्याकडे गोळा झालेल्या आढळतात. कारवानीची धावही वेगळी आहे. भरधाव असताना प्रत्येक टापेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा सगळे पाय पोटाखाली आवळलेले असताना आणि एकदा पुढेमागे पूर्ण ताणलेले असताना, आणि पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकून सरळ होत राहतो. एवढा वेग पेलण्यासाठी मोठे हृदय, मोठी फुप्फुसे आणि चरबी जवळजवळ नसलेले शरीर लागते. घरातला कारवानी ज्या ज्या गोष्टींमुळे धन्याला कोड्यात टाकतो, त्यातल्या बहुतेकींचे मूळ या शरीरात आहे.

पहिली गोष्ट त्याच्या झोपेची. ज्याची ख्याती वाऱ्याच्या वेगाची, तो दिवसाचा मोठा भाग पडून काढतो, आणि पाहुण्याला तो आळशी किंवा आजारी वाटतो. पण क्षणभराच्या पराकोटीच्या धावेसाठी बेतलेला हा जीव उरलेल्या वेळी शक्ती राखून ठेवतो. त्याचे पडणेही पाहण्यासारखे असते. अंगावर मांस कमी असल्याने कोपर आणि कमरेची हाडे जमिनीला टोचतात, म्हणून तो फरशी टाळून पोते, घोंगडी किंवा रिकामी बाज शोधतो, तिच्यावर दोन-तीन गिरक्या घेतो, मान लांब करून पुढच्या पायांवर टाकतो आणि डोळे मिटतो. कान मात्र मिटत नाहीत, आणि धुऱ्यापलीकडे तुरीत काही सळसळले की आधी एक कान उभा राहतो, मग दुसरा, मग मान उंचावते, आणि उरलेले शरीर तोवर तसेच निजलेले असते. पौष-माघातल्या थंडीत त्याच्या पातळ कातडीला गारठा सोसवत नाही. अशा वेळी तो जागलीला आलेल्या माणसाच्या घोंगडीत शिरतो आणि माणसाने कितीही हाकलले तरी पहाटेपर्यंत पाठीला पाठ लावून पडून राहतो.

दुसरी गोष्ट त्याच्या अलिप्तपणाची. सालगड्याच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कामाला असलेल्या गड्याच्या, हाताला चाटणारा हा कुत्रा परक्याचा हात अंगावर येऊ देत नाही. तो गुरगुरेलच असे नाही, पण पाठ खाली दाबून, अंग चोरून बाजूला सरकतो, आणि त्याचा हा नकार न ओळखता कोणी लाडाने पुढे गेला तर चावा बसू शकतो. तो भुंकतोही कमी. दुरून हेरून गाठायच्या शिकारीत आधी आवाज करून चालत नाही, म्हणून रात्रभर कोकलणाऱ्या गावठी कुत्र्याच्या शेजारी तो मुका वाटतो. त्याला रागावण्याची एक मर्यादा आहे. काठी उगारली की तो वठणीवर येत नाही, उलट दोन-दोन दिवस जवळ येत नाही, हाक ऐकूनही न ऐकल्यासारखे करतो आणि भाकरीकडे पाहतसुद्धा नाही. याला हट्टीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मेंढरे वळणारा कुत्रा क्षणाक्षणाला धनगराच्या इशाऱ्याकडे पाहत काम करतो, तर कारवानीला सावजामागे सुटल्यावर धन्यापासून दूर, स्वतःच्या निर्णयाने धावावे लागे. माणसाकडे न पाहता ठरवण्याची ही सवय शेकडो वर्षे निवडून-निवडून जोपासल्यावर घरात मात्र त्याने शब्दाबरहुकूम वागावे, ही अपेक्षा धरणाऱ्याने कुत्र्याकडे नीट पाहिलेलेच नसते.

तरीही जातीवरून स्वभावाचे भाकीत करण्याला सीमा आहे, आणि ती विज्ञानाने बऱ्यापैकी स्पष्ट केली आहे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती मालकांकडून घेण्यात आली आणि त्यांपैकी दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय आराखडे तपासण्यात आले. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे नऊ टक्केच भाग जातीने उलगडतो असे त्यातून दिसले. शरीराचा बांधा जात ठरवते, धावेची ओढ काही अंशी ठरवते, पण एखादे पिल्लू भित्रे होईल की धीट, मायाळू होईल की चिडके, हे मुख्यतः त्या पिल्लावर आणि त्याच्या वाढीवर अवलंबून असते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळाला फार महत्त्व दिले आहे, कारण या दिवसांत ज्याची ओळख होते ते पिल्लाला आयुष्यभर आपले वाटते. आखाड्यावर जन्मलेले पिल्लू या वयात बैल, शेळ्या, ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि पोराबाळांचा गलका अनुभवते आणि त्या सगळ्याला सरावते. महिन्याच्या आतच आईपासून तोडून खोक्यात घालून विकलेले पिल्लू या शाळेला मुकते, आणि पुढे त्याच्या भित्रेपणाचे खापर त्याच्या जातीवर फुटते.

सेनगावच्या बाजारपेठेतल्या घरांपर्यंत आता लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पामेरियन आणि पग पोचायला वेळ लागत नाही, आणि वागण्याचे मूळ आधी शरीरात शोधायचे, हा न्याय त्यांनाही लागू आहे. लॅब्राडोरची कधी न भागणारी भूक लाडाने बिघडलेली नसते. या जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, हे २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले. पगची दैना अधिक आहे. कुत्र्याच्या अंगाला घाम येत नाही, फार तर तळपायाला येतो, आणि शरीराची उष्णता त्याला मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवावी लागते. चपट्या नाकाच्या कुत्र्याला ते धड जमत नाही, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत पग ठेवणे ही क्रूरताच आहे, मग त्यामागे कितीही प्रेम असो.

कारवानीची अडचण निराळी आहे. हवा त्याला मानवते, माती त्याच्या ओळखीची आहे, पण त्याचे काम संपले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई केली, आणि माळावरच्या काळविटांचा विचार करता ती हवीच होती. कुत्र्याच्या डोळ्यातली ओढ मात्र कायद्याने थांबत नाही. रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकरे हळदीत-सोयाबीनमध्ये शिरतात, तेव्हा जागलीला त्याचा उपयोग होतो, पण तो धन्याला सावध करण्यापुरता राहिला पाहिजे, कारण एकदा सुटलेला कारवानी समोर काय आहे ते पाहत नाही, तो फक्त सावज पाहतो. शेतातल्या कठडा नसलेल्या विहिरी, पिकाभोवती बांधलेल्या झटका यंत्राच्या तारा आणि रात्रीचा डांबरी रस्ता यांनी अशा धावेत कुत्रे जायबंदी होतात. यावर उपाय म्हणून दिवसरात्र साखळीला बांधून ठेवले, तर काही महिन्यांत तोच कुत्रा चिडका होतो, जागच्या जागी घिरट्या घालतो आणि पंजे चाटून-चाटून सोलून काढतो. सोंगणी झालेल्या, विहीर नसलेल्या रानात पहाटे अर्धा तास मोकळी धाव मिळाली, तर उरलेला दिवस तो आपणहून शांत पडून राहतो. एवढे देणे ज्याला जमणार नाही, त्याने हा कुत्रा पाळू नये.

त्याच्या खाण्याविषयी या भूमीतच एक कथा आहे. वारकरी ज्याला संत नामदेवांचे जन्मस्थान मानतात ते कयाधूकाठचे नर्सी सेनगावपासून फार लांब नाही, आणि कुत्रा कोरडी भाकरी घेऊन पळाला तेव्हा तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्यामागे धावले, ही आठवण इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. सर्वांभूती देव पाहण्याचा तिचा अर्थ परिचित आहे. शिवाय तिच्यात घरगुती शहाणपणही आहे, की नुसती भाकरी पुरत नाही. माणसाच्या सोबतीने राहताना कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या, लांडग्यात त्या दोनच असतात तर कुत्र्यात चारपासून तिसापर्यंत आढळतात, म्हणून ज्वारीची भाकरी त्याला पचते. पण स्नायूंसाठी अंडी, मांस, दूध असे काही तरी ताटात हवेच, आणि कांदा-लसणाची फोडणी घातलेले उरलेसुरले कालवण मात्र नको, कारण त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नासतात. खोल छातीच्या कुत्र्याने भरपेट खाऊन लगेच धाव घेतली तर जठराला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून धाव आधी आणि जेवण नंतर. पावसाळ्यात कानांच्या आत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड शोधायचे, रेबीजची लस दरवर्षी टोचायची, आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर हा चरबी नसलेल्या अंगाचा शिकारी कुत्रा आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचे, कारण भुलीची काही औषधे अशा कुत्र्यांच्या शरीरातून उतरायला फार वेळ घेतात.

मराठवाड्यातल्या या कुत्र्यांची वंशावळ बहुतेक ठिकाणी पाळणाऱ्यांच्या तोंडीच असते. अमक्या आखाड्यावरच्या ढवळ्या मादीची तमक्या तांड्यावरच्या नराकडून झालेली वीण, इतकी ती ओळख असते. गावे लहान, चांगले नर मोजके, त्यामुळे नकळत भावंडांची जोडी लागते आणि दोन-तीन पिढ्यांत पिल्ले अशक्त निपजू लागतात. गाय कधी गाभण राहिली, किती दिवसांनी व्याली याची नोंद जो शेतकरी कॅलेंडरच्या चौकटीत न चुकता करतो, त्याला त्याच चौकटीत कुत्रीच्या विणीची तारीख, नर कोणाचा होता, पिल्ले किती झाली आणि कोणाकडे गेली, हे लिहायला दोन ओळी पुरतात, आणि पुढची जोडी लावताना शेजारच्या तालुक्यातला नर आणायचा की नाही हे त्या दोन ओळींवरून कळते.