चूक कोणत्या भागात आहे?

बँकेच्या भरतीपरीक्षेतला इंग्रजीचा एक प्रश्न माझ्या खास आवडीचा. एका वाक्याचे चार तुकडे पाडून देतात, चूक कोणत्या तुकड्यात आहे ते सांगायचं. चूक नसेलच, तर पाचवा पर्याय, 'नो एरर'. नवऱ्याची बदली कुंभकोणमला झाली तेव्हा तिथल्या एका क्लासमध्ये मी हाच भाग शिकवत असे. कुंभकोणम बँक म्हणून १९०४ साली सुरू झालेल्या सिटी युनियन बँकेचं मुख्यालय या गावात आहे, त्यामुळे बँकेच्या नोकरीचं महत्त्व इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

मुलं व्याकरणाचे नियम घोकून आलेली असत. विचारलं की धडाधड म्हणून दाखवत. पण पेपर समोर आला की नियम बाजूला आणि कान पुढे. आणि कान तमिळ.

एकदा फळ्यावर लिहिलं, 'द क्वालिटी ऑफ द मँगोज दॅट ही सेन्ट वेअर नॉट गुड.' बहुतेकांनी 'नो एरर'वर खूण केली. 'आंब्यांची प्रत चांगली नव्हते' असं मराठी माणूस झोपेतसुद्धा म्हणणार नाही. तमिळमध्ये मात्र एक आंबा असो की अख्खी पेटी, 'नाही'ला 'इल्लै'च. शिवाय रोजच्या बोलण्यात वस्तू अनेक असल्या तरी क्रियापद सर्रास एकवचनी चालतं. मग 'वेअर' कानाला खटकणार कसं? पाठ केलेला नियम तिथे कामाचा नव्हता. मी त्यांना पेन्सिल आडवी धरायला लावली. 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचं सगळं झाकायचं आणि उरलेलं मोठ्याने वाचायचं. 'द क्वालिटी वेअर' ऐकल्यावर वर्गात हशा पिकला.

'सिन्स'च्या बाबतीत मात्र पारडं फिरलं. 'ही इज सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स थ्री डेज' हे वाक्य महाराष्ट्रात कुठल्याही रजेच्या अर्जात सापडेल. आपल्याकडे 'तीन दिवसांपासून ताप' आणि 'सोमवारपासून ताप', दोन्हीकडे 'पासून'च. मुदत सांगायची की सुरुवात, हा फरक आपला प्रत्यय करतच नाही. तमिळ करतं. तीन दिवसांना 'मूणु नाळा', आणि सोमवारला 'लेरुंदु' हा वेगळा प्रत्यय. पुण्यात 'फॉर' आणि 'सिन्स' समजावताना घसा कोरडा पडायचा. इथे मुलांच्याच तोंडची दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली आणि काम झालं. राहिला काळ. ताप अजून आहे म्हणून मराठीही वर्तमानकाळ वापरते आणि तमिळही, त्यामुळे 'इज'च्या जागी 'हॅज बीन' बसवताना आम्ही सगळे एकाच बाकावर.

वर्गात एक मुलगी तंजावर मराठी घरातली होती. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, १८५५ मध्ये राज्य संपलं, पण घरातली मराठी टिकली. सर टी. माधवराव, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण, याच समाजातले. त्यांचा जन्मही कुंभकोणमचाच, १८२८ चा. या मुलीला देवनागरी वाचता येत नव्हती, पण तिची उत्तरपत्रिका मला सगळ्यांत मोलाची वाटे. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' यातला आगंतुक 'बट' वर्गात तिलाच जास्त नडायचा, कारण घरी 'जरी' आलं की मागून 'तरी' आलंच. आणि 'आय कुड नॉट एबल टु कम' हे बाकीच्या वर्गासारखं तीही लिहायची. कोणती चूक घरून आली आणि कोणती गल्लीतून, हे तिच्या वहीत जवळजवळ रकाने पाडल्यासारखं दिसे. तेव्हापासून मी चुकीखाली लाल रेघ मारण्याआधी बघू लागले, की हे वाक्य दुसऱ्या कुठल्या भाषेत बरोबर आहे का. बहुतेक वेळा असतं.

मार्क कमी पडले की मुलांकडे एक हुकमी सबब असे, "मिस, रामानुजनसुद्धा इंग्रजीत नापास झाला होता!" ते खरंच आहे. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं त्याचं घर आज स्मारक म्हणून जपलंय. इथल्याच सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळवून तो दाखल झाला, गणितात बुडाला, इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. मग मी त्यांना त्याच कॉलेजचे दुसरे विद्यार्थी सांगत असे, जवळच्या वलंगैमानचे श्रीनिवास शास्त्री. हे पुण्याला गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९१५ मध्ये गोखले गेल्यावर समाजाचे अध्यक्ष झाले. गांधीजींच्या आत्मकथेचा महादेवभाई देसाईंनी केलेला इंग्रजी अनुवाद दुसऱ्या आवृत्तीआधी बारकाईने तपासणारे ते हेच. अट एकच, नाव छापायचं नाही. गांधीजींचं इंग्रजी तपासणारा माणूस तुमच्या गावच्या कॉलेजचा, म्हटलं की सबब तेवढ्या दिवसापुरती तरी बंद व्हायची.

सगळ्यांत अवघड गेला तो पाचवा पर्याय. चुका दिसायला लागल्या तसं मुलांना जिकडेतिकडे चुकाच दिसू लागल्या. 'टेन थाउजंड रुपीज इज अ बिग अमाउंट' या धडधाकट वाक्यातल्या 'इज'वर निम्म्या वर्गाने बोट ठेवलं. 'द न्यूज इज ट्रू'चंही तेच. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणजे हा उत्साह महागातच पडणार. शेवटी वर्गात एक दंडक घातला. ज्या तुकड्यावर खूण करायची त्याचं बरोबर रूप आधी शेजारी लिहायचं. ते लिहिता येत नसेल, तर चूक वाक्यात नाही, आपल्या संशयात आहे. नंतर महाराष्ट्रात परत आल्यावरही हा दंडक तसाच ठेवला. आंब्याचं वाक्य मात्र यादीतून काढलं आणि पहिल्याच तासाला तापाचं वाक्य घेऊ लागले.