जुन्या घोंगड्या पुरे, आता नवी विणून घेऊ

जुन्या हातविणीच्या घोंगड्या गोळा करणं हा माझा अनेक वर्षांचा छंद. घोंगडी घ्यावी तर जुनीच, हल्ली विणतात तीत राम नाही, आणि जे उरलंय ते आपल्यासारख्यांनी उचलून जपलं नाही तर सगळंच संपेल, असं मी ठामपणे म्हणत आले. हे मत मी चारचौघांत मांडलं. ते ऐकून माझ्या ओळखीतल्या काहींनी स्वतःचा संग्रहही सुरू केला. त्यामुळे ते मत आता राहिलं नाही, हेही चारचौघांतच सांगायला हवं. जुन्या घोंगडीवर मी आता पैसे घालत नाही. तेच पैसे नवी घोंगडी विणून घेण्यासाठी देते.

मी आसनगावची. माहुलीच्या पायथ्याचा आमचा हा भाग भाताचा आणि मुसळधार पावसाचा. आवणीच्या दिवसांत डोक्यावर इरलं, नाहीतर घोंगडीची खोळ. रात्री अंथरायला घोंगडी, थंडीत पांघरायला तीच, आणि खळ्यावर राखणीला जाताना खांद्यावरही तीच. पण ती आमच्याकडे विणली जात नाही. घोंगडी येते घाटावरून. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराचं दर्शन आणि बैलांचा बाजार यांसाठी ती प्रसिद्ध आहे, तशीच घोंगड्यांसाठीही. शहापूर-मुरबाडच्या गावांत आणि पाड्यांवर मी ज्या जुन्या घोंगड्या पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच आजोबा-पणजोबांनी म्हशाहून आणलेल्या होत्या.

या वस्तूचं वेड का लागावं, ते सांगते. जुनी घोंगडी हातात घेतली की तिचं वजन आधी जाणवतं. मग दिसतो तिचा काळा रंग, आणि तो एकच काळा नसतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीत काळ्याच्या, करड्याच्या, तपकिरीच्या किती तरी छटा असतात. हाताने कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक असल्यामुळे उन्हात धरलेल्या घोंगडीवर सावल्या हलल्यासारख्या वाटतात. काठाला पांढऱ्या लोकरीच्या दोन-चार रेघा, बस. दुसरी नक्षी नाही. रंग घातलेला नाही. मेंढीच्या अंगावर जे होतं तेच कापडात उतरलेलं. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. तिची जावळी घोंगडी इतकी मऊ, की खरखरीतपणाची तक्रार करणाऱ्याने ती एकदा गालाला लावून पाहावी.

अशा घोंगड्या मी मिळवत गेले. घरातल्यांना त्या नकोशा झालेल्या असत. मी नवं मऊ ब्लँकेट द्यायचे, वर थोडे पैसे, आणि घोंगडी घरी आणायचे. झटकून, ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवायचे. कुठल्या गावची, अंदाजे किती वर्षांची, याच्या चिठ्ठ्या लावायचे. विणली कोणी, हा रकाना त्या चिठ्ठ्यांत नव्हता. घरच्यांनाही ते ठाऊक नसायचं.

या रकान्यापाशी मला पहिल्यांदा थांबवलं ते नवाहो लोकांच्या विणकामाने. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडे, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर राहणारा हा समाज. स्पॅनिश लोकांनी तिकडे आणलेली चुरो मेंढी त्यांनी आपलीशी केली, शेजारच्या पुएब्लो लोकांकडून माग घेतला आणि त्यातून जगभर नावाजलेली ब्लँकेटं घडवली. विणणाऱ्या बहुतेक बायका. त्यांची जुनी ब्लँकेटं आणि गालिचे जमवणारे संग्राहक अमेरिकेत फार. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात एकोणिसाव्या शतकातलं एक नवाहो ब्लँकेट 18 लाख डॉलरला गेलं. मी त्या वस्तूंची चित्रं पाहत होते, किमती वाचत होते, आणि आपल्या घोंगडीलाही असा मान मिळावा, असं मला मनापासून वाटत होतं.

मग त्या समाजाचा इतिहास वाचला. 1863-64 साली अमेरिकी सैन्याने त्यांची पिकं जाळली, मेंढरं मारली आणि हजारो लोकांना शेकडो मैल चालवत नेऊन छावणीत डांबलं. 1868 च्या तहानंतर ते आपल्या भूमीवर परतले. त्या तहात सरकारने द्यायच्या गोष्टींत 15,000 शेळ्या-मेंढ्या होत्या. कारण मेंढीवाचून त्यांचं जगणंच उभं राहत नव्हतं. पुढे गोरे व्यापारी आले. 1878 मध्ये गनाडो इथे दुकान घेतलेला हबेल हा त्यांतला नामांकित. गिऱ्हाईक पूर्वेकडच्या शहरांतलं, त्याला अंगावर घ्यायचं ब्लँकेट नको होतं, जमिनीवर पसरायचा गालिचा हवा होता. म्हणून विणकाम जाड झालं, भोवती काठ आले, गिऱ्हाइकाच्या पसंतीचे नमुने आले. एक काळ असा होता की कित्येक व्यापारी हे काम वजनावर घेत. विणणारीचं नाव कोणी लिहून ठेवत नसे. आज जुन्या नवाहो विणकामाच्या एखाद्या तुकड्याला लाखो डॉलर मिळतात, आणि जिने तो विणला तिच्या घरी त्यातला एक डॉलरही जात नाही.

हे वाचताना मला माझ्या चिठ्ठ्या आठवल्या. मी देत असलेले पैसे पाड्यावरच्या घरात जात होते, ते ठीकच. पण मेंढी पाळणाऱ्याकडे, सूत कातणारीकडे, मागावर बसणाऱ्याकडे त्यातलं काहीच पोचत नव्हतं. संग्रह वाढत होता, आणि ज्यांच्या हातांमुळे तो शक्य झाला त्यांचं काम मात्र घटत होतं.

घोंगडी ही साखळीची वस्तू आहे. धनगर दख्खनी मेंढी पाळतो, वर्षातून दोनदा ती भादरतो. लोकर पिंजायची, मग धनगरांच्या बायका ती कातणार. सूत जाणार सणगराकडे. तो ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ देणार, कुंच्याने ती सारखी करणार, वाळवणार आणि मग खड्डामागावर बसून घोंगडी विणणार. यातली एक कडी सुटली की पुढची थांबते. सांगोला, आटपाडी, जत, कोल्हापूरकडचं पट्टणकोडोली या भागांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने सगळं पिवळं होतं, आणि त्या गर्दीत घोंगडीवाल्यांची बैठक असते. तिथे एका वृद्ध सणगर विणकराला मी विचारलं, की पूर्वीसारखी घोंगडी आता का होत नाही? ते म्हणाले, "ताई, हात तेच हाईत. लोकर आणि गिऱ्हाईक तेवढं आणा, जुन्यासारखी इणून देतो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र उत्तर सुचलं नाही, कारण घोंगडीवर इतकी वर्षं पैसे घालूनही मी कोणा विणकराची गिऱ्हाईक कधी झालेच नव्हते.

आणि लोकर? ती तर माझ्या दाराशी येत होती. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कोकणात उतरतात. पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीसारख्या गावांतून निघालेले कळप भिवंडी-शहापूरच्या भागात येतात. भात निघालेल्या रानात मेंढरं बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. मी जुन्या घोंगडीच्या शोधात पाड्यांवर जात होते तेव्हा वाटेतल्या शेतात ही मेंढरं उभी असत. त्यांच्याकडे मी देखावा म्हणून पाहिलं. भादरलेल्या लोकरीचं काय करता, हे खूप उशिरा विचारलं. उत्तर असं, की घेणारा नाही. भादरायला मजुरी द्यावी लागते आणि लोकर कित्येकदा तिथेच टाकून पुढे जावं लागतं. काळी, राठ लोकर गिरण्यांना नको असते, कारण तिच्यावर रंग चढत नाही. मग धनगरही मांसासाठी वजनदार जातींकडे वळतो. त्याला दोष कसा द्यायचा? पण अंगावर लोकर कमी असलेली मेंढी वाढली आणि दख्खनी मेंढी कमी झाली, तर घोंगडीचा कच्चा मालच जाईल.

नवाहोंच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. 1930 च्या दशकात जमिनीची धूप होते म्हणून अमेरिकी सरकारने त्यांची लाखो मेंढरं कमी केली, कित्येक तिथल्या तिथे मारली. आधीच मिश्र पैदाशीने घटलेली चुरो मेंढी जवळपास नाहीशी झाली. त्या काळातही जुन्या ब्लँकेटांचे संग्रह होते, वस्तुसंग्रहालयांची कपाटं भरलेली होती. त्यांच्यामुळे मेंढी वाचली नाही. 1977 मध्ये लाइल मॅकनील या पशुतज्ज्ञाने डोंगरकपारीत उरलेल्या चुरो मेंढ्या शोधून पैदास सुरू केली आणि त्या नवाहो कुटुंबांकडे परत पाठवल्या. त्या लोकरीवर पुन्हा काम करणाऱ्या विणकर बायका होत्या आणि नव्या कामाला दाम देणारं गिऱ्हाईक होतं, म्हणून ती कला आज चालू आहे. माझं मत इथे फिरलं. कला टिकते ती नव्या कामाच्या मागणीवर.

मग जुन्या घोंगड्यांना काही अर्थच नाही का? आहे, आणि तो मी नाकारत नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी रोजच्या वापरातले दिवे, अडकित्ते, भांडी गोळा केली नसती, तर महाराष्ट्राचं घर कसं होतं हे आज दाखवताच आलं नसतं. जुनी घोंगडी हा नमुना आहे. सूत किती पिळाचं, वीण किती घट्ट, काठ कसा, हे विणकराला तिच्यावरून कळतं. म्हणून माझ्याकडच्या घोंगड्या मी आता विणकरांना पाहायला, मापं घ्यायला, उलगडून बघायला देते. ज्यांना आपल्या घरची घोंगडी परत हवी आहे त्यांना ती देते. आणि उरलेल्या वापरते.

वापरण्याला आणखी एक साधं कारण आहे. लोकरीला कसर लागते, आणि ती अंधारात, न हलवलेल्या कपड्याला लागते. कसरीच्या अळ्या लोकर खातात. उन्हात पडणारी, झटकली जाणारी, रोज अंगावर येणारी घोंगडी टिकते. जिथे ती रोज वापरात होती, तिथे पन्नास-साठ वर्षांची घोंगडी मी धड पाहिली. माझ्या पेटीत जपून ठेवलेल्यांना मात्र भोकं पडली.

नवी घोंगडी जुन्याइतकी चांगली नसते, या माझ्या जुन्या मतातही तथ्य होतं, पण अर्धंच. बाजारात गिरणीच्या सुताची आणि ॲक्रिलिक मिसळलेली घोंगडी भरपूर आहे. ती स्वस्त असते आणि गिऱ्हाइकाला स्वस्तच हवी असते. हातकताईच्या दख्खनी लोकरीची घोंगडी विणकर अजून विणू शकतो, मात्र त्याला आगाऊ पैसे, वेळ आणि रास्त भाव द्यावा लागतो. मी विणून घेतलेली पहिली घोंगडी यायला बरेच महिने लागले. ती नवी असल्यामुळे राठ आहे, लोकरीचा वास आहे. वापराने ती मऊ होईल. जुन्याही अशाच मऊ झाल्या होत्या. आणि या घोंगडीच्या चिठ्ठीवर विणणाऱ्याचं, कातणारीचं, मेंढपाळाचं नाव आहे.

ज्यांनी माझं ऐकून जुन्या घोंगड्या जमवायला घेतल्या, त्यांना आणि इतर वाचकांनाही माझी विनंती आहे. पुढच्या पौषात म्हशाला जा. घोंगडी घेताना काठाचा एक धागा मागून जाळून पाहा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक असेल तर वितळून कडक गोळी होते. लोकर कुठली, सूत हातचं की गिरणीचं, विणलं कोणी, हे विचारा. खरी हातविणीची मिळाली तर घासाघीस करू नका. मिळाली नाही, तर विणकराचा पत्ता घ्या, पैसे आगाऊ द्या आणि थांबा. जुनी घोंगडी घरात असेल तर ती विकू नका, मलाही नको. पांघरा. आणि नवीसाठी एक मागणी नोंदवा, कारण सणगराचा माग चालू राहण्याचा दुसरा कुठलाही मार्ग मला दिसत नाही.