मोगऱ्याचा दुसरा बहर

मैत्रिणींनो, मोगऱ्याची कुंडी एकदा फुलून गेली, की ‘झाला यंदाचा बहर’ म्हणून तुम्ही ती कोपऱ्यात सरकवता ना? तसं करू नका बरं का! मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यांच्या शेंड्याला. जुनी फांदी तशीच ठेवली तर नुसती पानंच वाढतात. म्हणून फुलं येऊन गेलेले शेंडे दोन पेरं खाली कात्रीने कापायचे, माती हलकेच उकरून मूठभर शेणखत घालायचं आणि पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी कुंडी ठेवायची. सावलीत कितीही लाड करा, फूल दिसायचं नाही! साधारण महिन्याभरात पुन्हा कळ्या धरतात. जानेवारीत थोडे दिवस पाणी तोडून छाटणी केलेली असली, तर पावसाळ्यापर्यंत असे दोन-तीन बहर मिळतात.

हे सारं मला शिकवलं माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. उमलण्याआधीच कळ्या खुडून त्या गजरे करायच्या. एक देवाला, एक मला, एक शेजारच्या वहिनींना. पण मामंजी गेल्यापासून स्वतःच्या अंबाड्यात एक फूलसुद्धा नाही. आग्रह केला तर म्हणायच्या, “आमचा बहर संपला गं.”

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, या प्रथा गावात बंद! पेपरातली ती बातमी मी माईंना वाचून दाखवली. त्या काहीच बोलल्या नाहीत.

एप्रिलात त्यांनीच छाटलेली कुंडी तेव्हा दुसऱ्यांदा बहरली होती. संध्याकाळी मी गजरा केला नि म्हटलं, “माई, हा तुमचा.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांना गजरे तुम्हीच तर करून देता!”

बराच वेळ त्या गजरा हातात धरून बसल्या. मग पाठ फिरवून म्हणाल्या, “नीट माळ हो. माझा हात पोचत नाही मागे.”

तेव्हा मैत्रिणींनो, पहिला बहर ओसरला की कात्री घ्या, कुंडीला ऊन द्या. आणि गजरे वाटताना घरातलं कुणी राहून तर जात नाही ना, तेवढं जरूर बघा.