सगळीकडेच कडा कसा?

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. पण त्या परिसराच्या उंचीच्या रास्टरची (म्हणजे चौकटी-चौकटींत उंची नोंदवलेल्या जाळीची) सरासरी पायथन स्क्रिप्टने काढली, तर उत्तर कधीकधी समुद्रसपाटीच्याही खाली जातं. एररचा लाल शब्दही दिसत नाही. स्क्रिप्ट बिनबोभाट संपते. म्हणूनच ही चूक घातक.

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातल्या रडारने पृथ्वीचा बराचसा भूभाग मोजला; अशी रास्टर अनेकदा त्याच मोजणीतून येतात. डोंगरांच्या आड जिथे रडारला दिसलं नाही, तिथे मूळ माहितीत -३२७६८ हा खुणेचा आकडा राहिला. तो ‘नोडेटा’ म्हणून नोंदवलेला नसेल, तर पायथनची नमपाय लायब्ररी त्याला खरी उंची समजून बेरजेत धरते. मेटाडेटा आणि किमान मूल्य आधी छापून पाहिलं, की चोर लगेच सापडतो.

दुसरा घोटाळा उताराचा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा रास्टरवरून उतार काढला, तर सपाट भातखाचरंही जवळजवळ नव्वद अंशांचे कडे दिसू लागतात. कारण साधं आहे: उंची मीटरमध्ये, पण चौकटीची रुंदी अंशांमध्ये, ०.०००२८च्या आसपास. पश्चिम महाराष्ट्रासाठी रास्टर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या विभाग ४३ उत्तरमध्ये नेला, की चौकट सुमारे तीस मीटरची होते आणि खाचरं पुन्हा सपाट होतात.

मात्र हे रूपांतर करताना उंचीला शेजारच्या मूल्यांमधलं मूल्य काढणारी ‘बायलिनियर’ पद्धत चालते, जमीनवापराच्या रास्टरला नाही. तिथे १ म्हणजे जंगल, २ म्हणजे शेत आणि ३ म्हणजे पाणी असेल, तर जंगल-पाण्याच्या मध्ये २ येतो आणि कुठून तरी शेत उगवतं. तिथे ‘निअरेस्ट नेबर’च हवी.