बढती, बदली आणि पुसद

आम्हा बँकवाल्यांना माणसाची कारकीर्द दोनच शब्दांत समजते: बढती आणि बदली. त्यात 'बढती नको, पण बदली आवर' म्हणणारेच आमच्यात फार. म्हणून वसंतराव नाईकांची कारकीर्द वाचताना मी चष्मा दोनदा पुसला.

गहुलीच्या बंजारा शेतकरी घरातला हा मुलगा वकील झाला आणि १९४६ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद नगरपालिकेचा अध्यक्ष. १९५२ साली ते पुसदहून आमदार झाले, तेव्हा पुसद होते मध्यप्रदेशात! १९५६ साली तेच पुसद द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. आमची बदली होते तेव्हा राज्य जागेवर राहते आणि आम्ही ट्रंका आवळतो. इथे गाव जागेवर, आमदार जागेवर, आणि राज्येच बदलून येताहेत! बरे, दर बदलीला बढती. मध्यप्रदेशात उपमंत्री, द्विभाषिकात मंत्री, महाराष्ट्रात महसूलमंत्री आणि १९६३ ते १९७५ चक्क मुख्यमंत्री.

तुम्ही म्हणाल, नशीब. असेलही. पण मला ती पहिली पायरी महत्त्वाची वाटते. नगराध्यक्षपद म्हणजे राजकारणातली काउंटरवरची नोकरी. मंत्र्याला लोक निवेदन देतात, नगराध्यक्षाला रिकामी घागर दाखवतात. 'तुमचा अर्ज वर पाठवलाय' ही आमची हुकमी थाप तिथे चालत नाही. घागर तिथेच उभी असते.

१९७२ च्या दुष्काळात तर अख्खे राज्यच काउंटरवर आले. मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, ती राज्यभर सुरू झाली नाईकांच्या कारकीर्दीत. देशाला असा कायदा करायला २००५ साल उजाडले.

आणि आमची कॉलनी? दिल्लीत कोण येणार यावर रात्री बारापर्यंत वाद. आपल्या वॉर्डात कोण उभे आहे म्हणून विचारा, सगळे एकमेकांची तोंडे पाहतात. म्हणजे कॅशियर कोण ते ठाऊक नाही आणि निघाले जनरल मॅनेजर नेमायला!

तेव्हा उद्या एखादा उमेदवार घामाघूम होऊन दारात आला, तर कडी लावू नका. न जाणो, पुढचा मुख्यमंत्री असायचा. त्याला चहा विचारा. आणि पाणी कधी येणार, तेही विचारा.