निर्णय कोणाचा?

प्रतिवर्षीं दहावीचा निकाल लागला कीं आमच्या शाळेच्या आवारांत दोन प्रकारचीं मुलें दृष्टीस पडतात. कांहीं पेढ्यांचा पुडा घेऊन धांवत येतात, कांहीं गुणपत्रिका हातांत धरून भिंतीशीं उभीं राहतात, आणि आम्ही जवळ गेलों कीं हळूच विचारतात, "सर, मी आतां काय घेऊं?" विज्ञान घ्यावें, वाणिज्य घ्यावें, कला घ्यावी, कीं एखादा धंदा शिकावा, हा प्रश्न पंधरा-सोळा वर्षांच्या जीवापुढें एकाएकीं येऊन उभा राहतो. ज्यानें आजवर आपल्या सदऱ्याचा रंगही स्वतः ठरविलेला नसतो, त्यानें थोड्या दिवसांत आयुष्याची दिशा ठरवावी, अशी आपण वडील माणसें अपेक्षा करतों.

पूर्वीं आम्ही या प्रश्नाचें उत्तर तत्काळ देत असूं, आणि तें आपणांस देतां येतें याचा आम्हांस अभिमानही वाटे. तो अभिमान कसा उतरला, ती हकीगत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. ती आमच्याच चुकीची असल्यामुळें संकोच वाटतो. तरी ती सांगितलीच पाहिजे.

सुमारें बारा वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. गणितांत हुशार, स्वभावानें अबोल. वर्गांतील पंखा बंद पडला तर शिपाई येण्याच्या आधींच हा स्टुलावर चढलेला असावयाचा. निकालाच्या दिवशीं त्यानें आम्हांस सांगितलें कीं, आय.टी.आय.मध्यें जाऊन वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा असें त्याच्या मनांत आहे. आम्ही हंसलों. "एवढे गुण मिळवून तारा जोडीत बसणार काय? विज्ञान घे, इंजिनियर हो," असें म्हणून आम्हीं त्याच्या वडिलांस शाळेंत बोलावून घेतलें. ते हातगाडीवर भाजी विकीत. शिक्षकाचा शब्द त्यांनीं प्रमाण मानला. मुलगा कांहीं बोलला नाहीं, आणि त्याचें मौन आम्हीं संमतीचें समजलों.

मराठी माध्यमांतून गेलेल्या त्या मुलास अकरावीचें इंग्रजींतील विज्ञान पेलेना; खासगी शिकवणीस घरीं पैसा नव्हता. बारावींत तो नापास झाला, आणि मग ज्या वाटेनें त्यास दोन वर्षांपूर्वीं जावयाचें होतें त्याच वाटेनें, कोणासही न विचारतां, निघून गेला.

पुढें पांच-सहा वर्षांनीं शाळेच्या पंपाची मोटर बंद पडली, तेव्हां दुरुस्तीस तोच आला. काम आटोपल्यावर आम्हीं त्यास चहा दिला आणि धीर करून झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटतें असें बोलूं लागलों, तों तो म्हणाला, "सर, दोन वर्षें गेलीं त्याचें कांहीं वाटत नाहीं. पण त्या दिवशीं तुम्हीं मला एकदां 'कां' म्हणून विचारायला हवें होतें. माझ्याजवळ उत्तर होतें."

उत्तर होतें, आणि तें चांगलें होतें. घरांत मिळवतें माणूस एकच, मामाच्या दुकानांत सुट्टीभर काम करून हें आपणांस जमतें याची त्यानें खात्री करून घेतलेली, आणि आय.टी.आय. झाल्यावरही पुढें पदविकेची वाट खुली राहते, हें त्यानें त्या संस्थेंत स्वतः जाऊन विचारलेलें! ज्यास आम्ही अजाण समजत होतों, त्यानें आमच्यापेक्षां अधिक विचार केलेला होता.

या चुकीचें मूळ आमच्या घडणींतच असावें. आम्ही मिशनच्या वसतिगृहांत वाढलों. घंटा झाली कीं उठावें, घंटा झाली कीं प्रार्थनेस जावें, घंटा झाली कीं अभ्यासास बसावें. त्या शिस्तीचे आमच्यावर मोठे उपकार आहेत. ते नाकारणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु घंटा वाजविणारा जवळ नसेल तेव्हां काय करावें, हें घंटा शिकवीत नाहीं. पदवी घेऊन शिक्षक झालों तेव्हां आम्हांस आज्ञा पाळतां येत होती आणि आज्ञा करतां येत होती. तिसरें कांहीं येत नव्हतें.

तें तिसरें काय, हें पुढें वाचनांत आलें. इ. स. 1772 मध्यें शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांच्यापुढें एक नवीन नोकरी पत्करावी कीं नाहीं असा पेंच पडला, आणि त्यांनीं बेंजामिन फ्रँकलिन यांचा सल्ला मागितला. फ्रँकलिन यांनीं उत्तरीं कळविलें कीं, काय ठरवावें हें मला सांगतां यावयाचें नाहीं, पण कसें ठरवावें हें सांगतों. कागदावर मधोमध रेघ ओढावी. एका बाजूस अनुकूल आणि दुसऱ्या बाजूस प्रतिकूल कारणें, जशीं तीन-चार दिवसांत सुचतील तशीं, लिहावीं. मग दोहोंकडील समान वजनाचीं कारणें खोडीत जावें आणि शेष काय उरतें तें पाहावें. ज्या थोर पुरुषाचा सल्ला मिळावा म्हणून लोक धडपडत, त्यानें मित्राचा निर्णय मित्राच्याच हातीं ठेवला, हें वाचून आम्ही मनांतल्या मनांत खजील झालों.

तेव्हांपासून नववीच्या वर्गांत आठवड्यांतून एक तास आम्ही या कामीं देतों. आरंभ लहान गोष्टींपासून करतों: सहल कोठें न्यावी, वर्गाच्या जमलेल्या पैशांतून पुस्तकें घ्यावीं कीं कॅरम घ्यावा. प्रत्येकानें वहींत चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावयाचीं. हें मला कां हवें आहे? याविषयीं मला काय ठाऊक आहे, आणि काय कोणास विचारून घेतलें पाहिजे? याचा भार आणखी कोणावर पडेल? चुकलें तर परत फिरतां येईल काय? उत्तरें लिहिल्यावर दोन रात्री मध्यें जाऊं द्यावयाच्या आणि मग तोंड उघडावयाचें. एका मुलीनें पहिल्या प्रश्नापुढें प्रामाणिकपणें लिहिलें होतें, "मैत्रीण वाणिज्य घेणार आहे म्हणून." दुसऱ्या प्रश्नानें तिला शेजारच्या हिशेबनीस बाईंकडे नेलें, त्यांच्या वह्यांपाशीं ती चार संध्याकाळ बसली. शेवटीं तिनें वाणिज्यच घेतलें. निवड तीच, पण आतां ती तिची स्वतःची होती.

आपला बेत पक्का आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असेल, तर त्याविरुद्धचे प्रश्न कानांआड करूं नयेत. आनंदीबाई जोशी यांनीं 24 फेब्रुवारी 1883 रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजांत जें भाषण केलें, त्यांत हेंच केलें होतें. वयास अठरा वर्षेंही पुरीं नव्हतीं. अमेरिकेसच कां, एकटीच कां, परत आल्यावर लोकांनीं वाळींत टाकलें तर काय, असे जे प्रश्न लोक करीत, तेच त्यांनीं एकेक घेऊन सर्वांसमक्ष सोडविले. गोपाळरावांचा आग्रह त्यांच्यामागें होता आणि तो कठोरही होता, हें खरें. परंतु कारणें सांगण्यास त्या स्वतः उभ्या राहिल्या. 1886 मध्यें त्या डॉक्टर झाल्या आणि पुढल्याच वर्षीं, कोल्हापूरच्या रुग्णालयांतील काम हातीं घेण्याच्या आधींच, निवर्तल्या. म्हणून त्यांचा निर्णय चुकला असें कोण म्हणेल? विचार करणें आपल्या हातीं असतें; फळ सर्वस्वीं आपल्या हातीं नसतें.

इतकें शिकवून झाल्यावर आमचीच परीक्षा झाली ती घरीं. गेल्या वर्षीं आमची कन्या दहावी उत्तीर्ण झाली. तिनें डॉक्टर व्हावें असें आमच्या मनांत फार दिवसांपासून होतें. तिनें मधोमध रेघ ओढलेला एक कागद आमच्यापुढें ठेवला. तिला कला शाखेंत जाऊन भूगोल शिकावयाचा होता. समान वजनाचीं कारणें तिनें नीट खोडलीं होतीं. प्रतिकूल बाजूस एकच ओळ न खोडलेली राहिली होती: "बाबांना वाईट वाटेल." आम्हीं विचारलें, "हें कां ठेवलेंस?" ती म्हणाली, "याचें वजन किती धरायचें तें मला कळेना."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. घरची ऐपत, वडील माणसांचा अनुभव, धाकट्या भावंडांचें शिक्षण, यांचें वजन मुलांनीं अवश्य धरावें. पण आमची हौस अपुरी राहिल्याचें दुःख त्यांच्या पारड्यांत कां पडावें? सकाळीं आम्हीं पेन्सिल घेतली आणि ती ओळ आमच्या हातानें खोडली. खोडतांना हात जड झाला होता, हें कबूल केलें पाहिजे. ती आतां अकरावींत कला शाखेंत आहे. पुढें काय होईल तें आम्हांस ठाऊक नाहीं, तिलाही नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस कोणी 'कां' म्हणून विचारलें नाहीं, तरी उत्तर तयार ठेवा, आणि तें असेल तर मौन धरूं नका. विनयानें पण स्पष्ट सांगा. आणि पालकहो, येत्या निकालाच्या दिवशीं पेढा हातांत ठेवण्यापूर्वीं मुलास जवळ बसवून एकदां विचारा. त्याच्याजवळ उत्तर असण्याचा पुष्कळ संभव आहे.